जर्मनीतल्या फौजी आठवणींची पेटी, नाशिकचा स्टुडिओ आणि ५० हर्ट्झचा घोळ

रविवार कारंजाजवळच्या एका गल्लीत, अरुंद जिना चढून पहिल्या मजल्यावर हा स्टुडिओ आहे. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन. मागच्या खोलीत जुन्या स्लाइड, फिल्मची रिळं, ऑडिओ टेपा आणि व्हिडिओ कॅसेटी संगणकावर उतरवून देण्याचं काम. नाव इथे देत नाही, कारण चुकलेलं बरंच लिहायचं आहे आणि त्यातलं काही त्यांनी विनातक्रार दुरुस्तही करून दिलं आहे.

लग्नाची किंवा मुंजीची कॅसेट असेल तर इथे डोळे झाकून द्या. पण अमेरिकन लष्कराच्या जर्मनीतल्या मुक्कामाचं सामान असेल, तर देण्याआधी पुढचं वाचा. दुकानाची यंत्रं चांगली आहेत, हात स्वच्छ आहेत. मात्र हे सामान कुठल्या देशातल्या विजेवर, कुठल्या टीव्ही पद्धतीत आणि रस्त्याच्या कुठल्या बाजूला तयार झालं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही तर ते नाशिकच्या हिशोबानं गृहीत धरतात.

परीक्षणासाठीची पेटी एका नाशिककर कुटुंबाच्या अमेरिकन जावयाची होती. त्याचे वडील १९६३ ते १९६६ जर्मनीत, मुलगा म्हणजे जावई स्वतः १९८७ ते १९९०, दोघंही अमेरिकन आर्मीत. आत २१२ स्लाइड, ८ मिमी फिल्मची ९ रिळं, ६ ऑडिओ टेपा, ४ व्हीएचएस कॅसेटी, १४० कागद आणि फिल्मचा एक न धुतलेला रोल. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे लाखो सैनिक पश्चिम जर्मनीत राहून आले, त्यामुळे अशा पेट्या जगभर सापडतात. घोळही सगळीकडे सारखेच.

मूळ घोळ असा. छावणीतलं दुकान, टीव्ही, मोटारी, घरातली उपकरणं अमेरिकन. भिंतीतली वीज जर्मन, म्हणजे तेव्हाची २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं, हीच तिची फ्रिक्वेन्सी). अमेरिकन उपकरणांना लागते ११०-१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. म्हणून प्रत्येक घरात दोन-तीन जड ट्रान्सफॉर्मर असायचे आणि बदली झाली की जाणारं कुटुंब ते येणाऱ्या कुटुंबाला विकून टाकायचं. काही सरकारी क्वार्टर्समध्ये ११० व्होल्टचे प्लगही होते, पण फ्रिक्वेन्सी तीच, ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. अमेरिकेहून नेलेलं विजेचं घड्याळ तिथे तासाला दहा मिनिटं मागे पडायचं ते याचमुळे. घड्याळाचं हसण्यावारी नेता येतं. टेपरेकॉर्डरचं नेता येत नाही, त्याकडे येऊच.

आधी स्लाइड, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे जातात.

दर ३० रुपये नग. स्कॅनर फ्लॅटबेड, फिल्मसाठी वरून प्रकाश देणारा, एका वेळी १२ स्लाइड बसणारा. त्यांनी ३२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३२०० ठिपके धरून, स्कॅन केलं. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीचे त्यातून साधारण ४५३५ बाय ३०२४ पिक्सेल होतात, म्हणजे पावणेचौदा मेगापिक्सेलच्या आसपास. पुरेसं आहे. काउंटरवरचा फलक ६४०० डीपीआयसाठी नगाला ५० रुपये सांगतो, ते घेऊ नका. फ्लॅटबेडच्या काचेतून तेवढा तपशील येतच नाही, नुसती फाइल फुगते. त्यापेक्षा जेपीईजीसोबत टीआयएफएफ, म्हणजे तपशील न गाळणारी फाइल मागा. इथे मागितल्यावर जादा पैसे न घेता दिले, स्लाइडमागे ४० एमबीच्या आसपास.

पुठ्ठ्याच्या चौकटीवरचा छाप वाचायची सवय ऑपरेटरला नाही. कोडॅकच्या चौकटींवर बरेचदा महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. ती तारीख फिल्म धुतल्याची, फोटो काढल्याची नव्हे. डिसेंबरात काढलेला नाताळचा फोटो मार्चच्या शिक्क्यानं परत आलेला सहज सापडतो. ‘स्टुटगार्ट’ असं छापलेलं असेल तर फिल्म कोडॅकच्या जर्मनीतल्या प्रयोगशाळेत धुतली, एवढंच कळतं. फोटो इटलीतल्या सहलीचाही असू शकतो. स्टुडिओनं सगळ्या फाइलींना स्कॅनच्या दिवसाची तारीख दिली आणि चौकटींचे छाप कुठेच नोंदवले नाहीत. चौकटीसकट एक साधा फोटो मोबाइलवर काढून ठेवला असता तरी भागलं असतं. १२ स्लाइडचा एक ट्रे, ट्रेमागे एक फोटो, २१२ स्लाइडला १८ फोटो. हे काम देण्याआधी घरीच उरकून घ्या.

कोडाक्रोम ही फिल्म वेगळी वागते. अंधारात ठेवली तर तिचे रंग साठ वर्षांनीही टिकतात, पण स्कॅनरमध्ये ती निळसर येते आणि तिच्यासाठी वेगळं प्रोफाइल लागतं. धूळ काढणारं इन्फ्रारेड फीचर तर तिच्यावर चालूच करू नये. त्या फीचरचा सगळा भरवसा असा की रंगातून इन्फ्रारेड आरपार जातं आणि धूळ तेवढी अडवते. कोडाक्रोमच्या थरातून ते नीट आरपार जात नाही. मग यंत्र फोटोतल्या गडद कडांनाच धूळ समजतं आणि पुसायला लागतं. पहिल्या खेपेला इथे नेमकं हेच झालं. एका स्लाइडवर हिरव्या गणवेशातला माणूस जीपला टेकून उभा आहे. त्याच्या टोपीची कड कुरतडल्यासारखी आणि जीपच्या काचेची चौकट मधूनमधून गायब. दाखवल्यावर दीडशे कोडाक्रोम पुन्हा स्कॅन करून दिल्या, पैसे घेतले नाहीत. एक्टाक्रोम ही कोडॅकची दुसरी फिल्म असेल तर मात्र हे फीचर चालू ठेवावं. साठच्या दशकातल्या एक्टाक्रोम लालसर-जांभळ्या पडतात. त्यांचा रंग त्यांनी हातानं सुधारला आणि छान सुधारला. बर्फ पुन्हा पांढरं दिसतं, चेहरे उकडलेले दिसत नाहीत.

आता उलट्या स्लाइडची गंमत. २१२ पैकी ३१ फोटो डावं-उजवं उलटे होऊन आले. कोणाचीही पहिली समजूत हीच होईल की स्लाइड उलटी ठेवली गेली. तसं नव्हतं. ऑपरेटरनं त्या संगणकावर मुद्दाम उलटवल्या होत्या. विचारल्यावर शांतपणे म्हणाला, “काका, गाड्या राँग साइडनं चालल्या होत्या, स्टिअरिंग पण डावीकडं. म्हणून सरळ केल्या.” जर्मनीत वाहनं उजव्या बाजूनं चालतात, अमेरिकनांच्या गाड्याही तशाच. नाशिकच्या डोळ्याला तो फोटो उलटाच दिसणार, त्यात त्याचा दोष तो काय! चौकटीवर ‘धिस साइड टोवर्ड स्क्रीन’ छापलेली बाजू पडद्याकडे, म्हणजे ती फिल्मच्या मसाल्याची, कमी चकाकणारी बाजू. कोडाक्रोम तिरक्या उजेडात धरली तर त्या बाजूला चित्राचा उठाव बोटाच्या ठशासारखा दिसतो. शंका आली तर पाट्या आणि नंबरप्लेट पाहा. अक्षरं वाचण्याइतकी मोठी नसतील तर गणवेश पाहा. अमेरिकन आर्मीच्या शर्टावर माणसाचं नाव त्याच्या उजव्या खिशावर, ‘यू.एस. आर्मी’ डाव्या खिशावर. नावाची पट्टी बघणाऱ्याला डावीकडे दिसली की फोटो सरळ.

काचेच्या चौकटीतल्या अकरा स्लाइड होत्या, त्या जर्मन पद्धतीच्या. काच आणि फिल्म चिकटली की इंद्रधनुषी कडी दिसतात, त्यांना न्यूटनची कडी म्हणतात. काच उघडून फिल्म साध्या चौकटीत घालावी लागते. त्यांनी नगाला १५ रुपये जादा घेतले, योग्य आहे. पण तीन स्लाइडवर बुरशी होती आणि ती ओल्या वाइप्सनं पुसायचा प्रयत्न झाला. हे वाईट. बुरशी लागली की फिल्मवरचं जिलेटिन पाण्यात विरघळू लागतं आणि पाण्याबरोबर चित्रच निघून येतं. एका स्लाइडचा आभाळाचा कोपरा असा कायमचा गेला. बुरशीवर पाणी नाही, तोंडाची वाफ नाही. हवेचा हातपंप आणि मऊ ब्रश, फार तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावलेला बोळा, तोही आधी कडेला लावून पाहून. आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातला चामड्याचा पट्टासुद्धा पांढरा होतो. स्लाइड सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि असलं काम पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे द्या.

फिल्मच्या रिळांना दर ७०० रुपये, पन्नास फुटी रिळाला. नऊही रिळं पावतीवर ‘सुपर ८’ म्हणून लिहिली गेली. सुपर ८ बाजारात आली १९६५ मध्ये. पेटीतली सात रिळं त्याआधीच्या साध्या ८ मिमीची होती, दोनच सुपर ८. ओळखायला सोपं आहे. साध्या ८ मिमीची कडेची भोकं मोठी आणि चौकटीच्या रेषेवर, सुपर ८ ची भोकं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर. रिळाच्या मधलं छिद्रही सुपर ८ ला मोठं. ऑपरेटरनं मशीनला लावताना फरक ओळखला आणि गेट, म्हणजे फिल्म जिथून सरकते ती चौकट, बदललं, म्हणजे हात शिकलेला आहे, पावती लिहिणारा वेगळा. चित्र स्थिर आहे, कडा कापलेल्या नाहीत, एकेक चौकट स्वतंत्र टिपली आहे.

बिघडला तो वेग. साध्या ८ मिमीचा रिवाज सेकंदाला १६ चौकटी, सुपर ८ चा १८. पन्नास फूट साध्या ८ मिमीत ४००० चौकटी असतात, म्हणजे ४ मिनिटं १० सेकंद. सुपर ८ मध्ये ३६००, म्हणजे ३ मिनिटं २० सेकंद. स्टुडिओनं सगळं २५ च्या वेगानं जोडलं, त्यामुळे ४ मिनिटं १० सेकंदांचं रीळ २ मिनिटं ४० सेकंदांत संपतं. परेड करणारे सैनिक मूकपटातल्या विनोदी शिपायांसारखे टुणटुण उड्या मारतात. व्हिडिओची लांबी मोजली की चूक लगेच पकडता येते. दुरुस्तीला फिल्म पुन्हा लावायची गरज नाही, मूळ चौकटी आहेत त्याच वेगळ्या वेगानं जोडायच्या. पण त्यासाठी त्या चौकटी किंवा मूळ फाइल त्यांच्याकडे शिल्लक हवी. इथे काम दिल्यावर पंधरा दिवसांत डिस्क मोकळी करतात. तेव्हा व्हिडिओ हातात आला की त्याच आठवड्यात घड्याळ लावून बघा.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर ते रीळ बाकीच्यांपासून तत्काळ वेगळं करा. असिटेटची फिल्म कुजायला लागल्याचं ते लक्षण आहे आणि ती वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. या पेटीत एक रीळ तसं होतं. स्टुडिओनं आपणहून वेगळं काढून सगळ्यात आधी उतरवलं, हे आवर्जून सांगायला हवं.

ऑडिओ टेपांवर या परीक्षणाचा खरा भर आहे, कारण तिथली चूक ऐकूनही कळत नाही.

साठच्या दशकात समुद्रापार फोन महाग. म्हणून तीन इंची लहान चकतीवर आवाज भरून ती पाकिटातून घरी पाठवायची, अशी पद्धत होती. दीडशे फूट टेप, सेकंदाला पावणेचार इंच वेग, एका बाजूला आठ मिनिटं. पेटीत अशा चार चकत्या आणि पाच इंची दोन होत्या. स्टुडिओचा दर ५०० रुपये टेपेला, त्यात दोन्ही बाजू. त्यांचा डेक जुना पण नीट राखलेला आहे. हेड साफ केलेलं, वेग तपासलेला. पावणेचार इंच म्हणजे पावणेचार इंच.

आणि तरीही सहापैकी तीन टेपांमधला माणूस घाई झाल्यासारखा, किंचित बायकी आवाजात बोलतो. घरच्यांनी ‘तरुणपणीचा आवाज’ म्हणून ते मान्यही केलं होतं.

झालं होतं असं. अमेरिकेत घेतलेला टेपरेकॉर्डर जर्मनीत ट्रान्सफॉर्मरवर चालवला. त्या काळातल्या बहुतेक घरगुती मशीनची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. ६० ऐवजी ५० मिळाले की ती सहापैकी पाच भाग वेगानं फिरते. टेप हळू सरकली, आवाज भरला गेला. आता तीच टेप अचूक वेगाच्या डेकवर वाजवली की ती १.२ पट वेगानं ऐकू येते आणि स्वर तीन श्रुतींनी नव्हे, चक्क तीन पट्ट्यांहून थोडा जास्त चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनच्या जरा वर जाऊन गातो. दहा मिनिटांचं पत्र आठ मिनिटं वीस सेकंदांत संपतं.

उपाय पाच मिनिटांचा. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये वेग उणे १६.६६७ टक्के करायचा. मात्र वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा पर्याय निवडायचा. नुसता टेम्पो बदलला तर माणूस सावकाश बोलतो पण आवाज चढलेलाच राहतो. स्टुडिओनं पहिल्यांदा तेच केलं आणि निकाल आणखी विचित्र आला.

कुठली टेप दुरुस्त करायची, कुठली नाही, हे ठरवणं खरं कौशल्याचं. जुन्या रेकॉर्डिंगमागे विजेची बारीक घुंई असते. त्याच सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम, म्हणजे आवाजातल्या फ्रिक्वेन्सींचा आलेख, उघडून ती कुठे आहे पाहा. बरोबर चाललेल्या जर्मन किंवा भारतीय रेकॉर्डिंगमध्ये ती ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटींवर असते. हळू चाललेल्या मशीनवर जर्मनीत भरलेली घुंई आज ६० वर दिसते. वेग उतरवला की ती ५० वर येऊन बसते. पण एवढ्यावर निकाल देऊ नका! अमेरिकेत, अमेरिकन विजेवर, बरोबर वेगानं भरलेल्या टेपेतही घुंई ६० वरच असणार. घरून जर्मनीला आलेली उत्तराची चकती तशीच. ती ‘दुरुस्त’ केली की चांगला आवाज बिघडेल. म्हणून पाकीट महत्त्वाचं. टेप कुठून कुठे पाठवली ते टपालाच्या शिक्क्यावरून ठरवा, घुंईवरून फक्त खात्री करा. चकतीवर रेडिओवरचं एखादं गाणं भरलेलं असेल तर काम सोपं, मूळ गाण्याशी पट्टी ताडून पाहायची. अमेरिकन सैन्याच्या एएफएन या रेडिओचं फ्रँकफर्टचं केंद्र मध्यम लहरींवर लागायचं आणि छावणीतल्या टेपांवर त्याचे तुकडे हमखास सापडतात.

एक उलटी गंमतही आहे. पेटीबरोबर तो मूळ अमेरिकन टेपरेकॉर्डर आला असेल आणि नाशिकमध्ये ट्रान्सफॉर्मर लावून चालवला, तर जर्मनीतल्या टेपा आपोआप बरोबर वाजतात, कारण आपली वीजही ५० हर्ट्झची. त्याच मशीनवर अमेरिकेत भरलेल्या टेपा मात्र रडक्या, संथ ऐकू येतील. पुढे छावणीच्या दुकानात मिळू लागलेल्या कित्येक जपानी मशीनना व्होल्टेजचा आणि ५०/६० चा बदल करण्याची सोय होती, आणि कॅसेट प्लेअरमध्ये विजेच्या फ्रिक्वेन्सीवर अवलंबून नसलेली डीसी मोटर आली. त्यांना हा रोग नाही. म्हणून मुलाच्या ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटी असतील तर निश्चिंत राहा.

टेप लावण्याआधी ती कशाची आहे तेही पाहा. चकती उजेडासमोर धरून बाजूनं पाहिली आणि उजेड आरपार दिसला तर ती असिटेटची, ठिसूळ असते. जोरात गुंडाळली तर तुटते, पण सरळ तुटते आणि सांधता येते. उजेड दिसला नाही तर पॉलिएस्टर. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपा चिकट होतात आणि त्यांना कमी आचेवर, ५०-५५ अंशांत काही तास तापवून मगच वाजवावं लागतं. असिटेट मात्र कधीही तापवायची नाही. तापवण्याची सोय या स्टुडिओत नाही आणि तसं ते स्पष्ट सांगतात. घरच्या ओव्हनमध्ये प्रयोग करू नका, त्याचा काटा दहा अंशांनी इकडेतिकडे होतो.

व्हीएचएसचं थोडक्यात. ४०० रुपये कॅसेट. चारपैकी तीन काळ्या-पांढऱ्या आल्या आणि ‘कॅसेट जुनी, रंग उडाला’ असं उत्तर मिळालं. व्हिडिओ टेपेवरचा रंग असा उडून चित्र काळं-पांढरं होत नाही. छावणीतला टीव्ही आणि तिथल्या दुकानातला कॅमकॉर्डर अमेरिकन एनटीएससी पद्धतीचा, ५२५ रेषा, सेकंदाला ३० च्या जरा खाली चौकटी. जर्मन आणि भारतीय पद्धत पाल, ६२५ रेषा, २५ चौकटी. स्टुडिओचा मल्टिसिस्टिम व्हीसीआर एनटीएससी कॅसेट वाजवतो, पण बाहेर देतो ती पाल-६० नावाची खिचडी. जुन्या टीव्हीला ती चालते, चित्र संगणकात घेणाऱ्या यूएसबी कॅप्चरला तिच्यातला रंग सापडत नाही. व्हीसीआरच्या मागे किंवा रिमोटवर ‘एनटीएससी ३.५८’ असा पर्याय असतो. तो लावला आणि कॅप्चरही एनटीएससीला नेलं की रंग परत. इथे तसंच झालं, बर्लिनच्या सहलीतले पिवळे डबे पुन्हा पिवळे झाले. चौथी कॅसेट १९८९ च्या नोव्हेंबरात, भिंत उघडली तेव्हा जर्मन टीव्हीवरून भरलेली. ती पाल होती, म्हणून पहिल्याच खेपेला रंगीत. कॅसेटीवर टी-१२० लिहिलंय की ई-१८० यावर विसंबू नका. ते फक्त कोरी कॅसेट कुठल्या बाजारातली ते सांगतं, आत काय भरलंय ते नाही. आणि एनटीएससी कॅसेटीची फाइल ७२० बाय ४८०, २९.९७ चौकटींचीच मागा. २५ ला बदलून दिली की कॅमेरा फिरताना चित्र धक्के खातं.

कागदांचा दर १० रुपये पान, ६०० डीपीआय, दोन्ही बाजू. स्कॅन सरळ, स्वच्छ. तक्रार यादीबद्दल आहे. वडिलांच्या कागदांवर आठ आकडी सैनिक क्रमांक आहे आणि त्याआधी ‘आरए’ अशी दोन अक्षरं. आरए म्हणजे नियमित सैन्यात स्वतःहून भरती झालेला, ‘यूएस’ असेल तर सक्तीच्या भरतीतून आलेला. टाइप करणाऱ्यानं अक्षरं गाळून नुसते आकडे घेतले, म्हणजे निम्मी माहिती गेली. १ जुलै १९६९ पासून अमेरिकन आर्मीनं सैनिक क्रमांक बंद करून सोशल सिक्युरिटी नंबर वापरायला सुरुवात केली. त्यामुळे मुलाच्या जवळपास प्रत्येक हुकमावर तो नंबर छापलेला आहे. स्टुडिओनं या सगळ्या फाइली ‘लिंक असेल त्याला दिसेल’ अशा ड्राइव्हवर टाकून लिंक व्हॉट्सॲपला पाठवली. आपल्याकडे कोणी पॅन आणि आधार एकत्र चौकात लावल्यासारखंच आहे हे. कागद फक्त पेन ड्राइव्हवर घ्या आणि नातेवाइकांना पाठवायच्या प्रतीत तो नंबर झाका.

तुमच्या पेटीतला माणूस १९६० च्या आधी सैन्यातून सुटला असेल तर कागद जास्तच जपा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात सुटलेल्या आर्मीच्या सैनिकांच्या फाइलींपैकी सुमारे ८० टक्के त्यात गेल्या. तुमच्या हातातला डीडी-२१४, म्हणजे सेवामुक्तीचा दाखला, हीच कदाचित एकमेव प्रत असेल. तो स्टुडिओत ठेवून येऊ नका, समोर बसून स्कॅन करून घ्या. ते तयार होतात.

एकूण बिल काचेच्या चौकटींचे १६५ धरून १८,८२५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. तीन आठवडे सांगितले होते, पहिलं काम पाच आठवड्यांनी मिळालं आणि दुरुस्त्यांना आणखी तीन. दुपारी दोन ते चार बंद. गल्लीत दुचाकीसुद्धा लावायला जागा नाही, पेटी जड असेल तर रिक्षा करा. कॅप्चरच्या संगणकाला यूपीएस आहे पण व्हीसीआरला नव्हता. वीज गेली तेव्हा एक कॅसेट आत अडकली. सुखरूप निघाली, पण आता व्हीसीआरही यूपीएसवर घेतला आहे.

पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवून द्यावा. कुठलं सामान कुठल्या वर्षाचं, टेप कुठे भरली, कॅसेट कॅमकॉर्डरची की टीव्हीवरून, फिल्म सेकंदाला १६ चौकटींची की १८ ची, गाड्या उजवीकडूनच चालतात. ऑपरेटर वाचतो आणि वाचलेलं करतो, हे दुसऱ्या खेपेला दिसलं.

न धुतलेल्या रोलची हकिगत राहिली. डबीवर कोडाक्रोम ६४ लिहिलेलं होतं. ती धुण्याची रसायनं आता कुठेच चालू नाहीत. जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं, अमेरिकेतल्या कॅन्सासमधल्या, २०१० संपताना रोल घेणं थांबवलं. आज ती फिल्म फक्त काळी-पांढरी म्हणून धुता येते, तेही अनुभवी हातानं. साध्या रंगीत रसायनात टाकली तर चित्रही जातं आणि यंत्रही खराब होतं. स्टुडिओच्या मालकांनी डबी हलवून पाहिली, नाव वाचलं आणि पावतीवर लिहिलं, ‘रोल १, न उघडता परत’. पैसे लावले नाहीत.